दुखऱ्या स्नायूला काम द्या, पण मोजून

खांद्याला तेल, कमरेला पट्टा, रात्री गरम पाण्याची पिशवी आणि चार दिवस रजा. पाचव्या दिवशी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पुन्हा मोल्डिंगवर (साचे भरण्याच्या कामावर) पूर्ण पाळी, आणि सहाव्या दिवशी दुखणं होतं तिथंच. कोल्हापूर भागात जुन्या अंगदुखीचा हा फेरा ठरलेला आहे. मग तो हुपरीत दिवसभर मान खाली घालून पैंजणं जोडणाऱ्याचा असो, इचलकरंजीत मागावर उभं राहणाऱ्याचा असो, नाहीतर सकाळ-संध्याकाळ म्हशींची धार काढणाऱ्या बाईचा. तेलाला किंवा शेकाला माझा विरोध नाही. त्यानं तास-दोन तास आराम पडतो. पण ते तास-दोन तास आपण आडवं होऊन घालवतो, आणि नेमकं त्याच वेळात स्नायूला मोजून काम द्यायचं असतं. ते काम किती, कसं आणि ते कुठं फसतं, एवढंच इथं लिहितो. गोळ्यांबद्दल काही लिहिणार नाही. चालू असलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या किंवा तेवढ्या काळात सारख्या उलटणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. स्नायूची साधी इजा तोवर बहुतेक भरून आलेली असते. मागं राहते ती नसांची, मज्जारज्जूची आणि मेंदूची लागलेली सवय: थोड्याशा ताणालाही मोठं उत्तर द्यायची. म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो आणि तरी दुखतं. दुखणं खोटं आहे किंवा मनाचं आहे, असा याचा अर्थ होत नाही. जितकं दुखतंय तितकी मोडतोड आत झालेली नाही, एवढाच होतो. हे पटलं की निम्मी भीती जाते, आणि भीती गेल्याशिवाय पुढचं काही नीट जमत नाही.

काही दुखणी मात्र आधी डॉक्टरांकडेच न्यायची. ताप येतोय, वजन कारण नसताना उतरतंय, रात्री कुशी बदलूनही ठणका थांबत नाही, हातापायातली ताकद कमी होतेय, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर व्यायाम करत बसू नका. चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा, जबडा, छाती भरून येत असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे सकाळी तासभर आखडलेले राहत असतील तर रक्तातला ईएसआर (अंगात दाह आहे का ते सांगणारी तपासणी) बघायला हवा. एक पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती कुणालाही चोळू देऊ नका. रक्ताची गुठळी असू शकते. सगळं अंग दुखत असेल तर ड जीवनसत्त्व, बी-12 आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण त्यानं काहींचे स्नायू दुखतात.

आता शेक. पिशवीत उकळतं पाणी ओतायचं नाही. हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पुरे. पिशवी दोन-तृतीयांश भरा आणि झाकण लावण्याआधी दाबून हवा बाहेर काढा. गच्च भरलेली पिशवी अंगाला टेकत नाही, नुसती एका ठिकाणी टोचते. मध्ये पंचाची दुहेरी घडी ठेवा. वेळ 15 ते 20 मिनिटं. जास्त वेळ ठेवून जास्त गुण येत नाही, उलट रोज तासन्‌तास शेकणाऱ्यांच्या पाठीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तळव्याला, पोटरीला शेक नकोच, कारण भाजलेलं कळत नाही. पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नका. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी चालते, पण ती किती गरम आहे याचा भरवसा नसतो, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. बर्फ की गरम, हा प्रश्न ताज्या मुरगळीत विचारावा. जुन्या आखडलेल्या स्नायूला ज्यानं बरं वाटेल ते घ्या. बहुतेकांना गरमच बरं वाटतं.

शेकून झालं की दाबणं. खांद्यावर, नितंबावर, पोटरीत बोटाला जी ताठ दोरी लागते आणि दाबल्यावर "हां, हीच कळ!" म्हणून माणूस ओरडतो, तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरीणबाईंनी, ज्या पुढं राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्य झाल्या, कोणत्या स्नायूची कळ कुठं उमटते याचे नकाशे मांडले. ते नकाशे कामाचे आहेत. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आखडला तर कळ कानशिलात जाते आणि माणूस डोकेदुखीची गोळी घेतो. पाठीच्या फऱ्यावरचा स्नायू दुखतो दंडाच्या पुढच्या बाजूला. नितंबाचा खोल स्नायू मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत कळ पाठवतो आणि लोक त्याला सायटिका समजतात. खऱ्या सायटिकात बहुधा खोकल्या-शिंकल्यावर चमक जाते, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असतो. या गाठीत नेमकं काय घडतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. दोन तपासणाऱ्यांची बोटं एकाच जागी पडतील याचीही खात्री नसते. म्हणून "तुमच्या अंगात अमुक इतक्या गाठी आहेत" असं कुणी मोजून सांगितलं आणि तेवढ्या बैठकांचं पॅकेज गळ्यात मारलं, तर सावध राहा.

दाबायला टेनिस बॉल पुरतो. तो जुन्या मोज्यात घाला, म्हणजे भिंतीवरून निसटत नाही आणि मोज्याचं टोक धरून वर-खाली करता येतो. फऱ्यासाठी भिंतीकडे पाठ करून थोडं तिरकं उभं राहा, नितंबासाठी कुशीची बाजू भिंतीला लावा. पाय भिंतीपासून वीतभर पुढं. पाय जितके पुढं, तितका दाब जास्त. दाब कमी-जास्त करायचा तो असा. दहापैकी पाच-सहा इतकं दुखावं, श्वास अडकू नये, दात आवळले जाऊ नयेत. 30 ते 60 सेकंद थांबा. कळ साधारण निम्मी झाली की पुढची जागा. दीड मिनिटात काहीच फरक पडला नाही तर ती जागा सोडा, तिथं चिकटून बसू नका. एका वेळी तीन जागा पुरेत. मानेजवळच्या स्नायूला बॉल नीट लागत नाही. तिथं दुसऱ्या हाताच्या चिमटीत स्नायू धरून ठेवणं सोपं. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी आणि पाठीच्या मणक्यांवर बॉल लावायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा प्रकार टाळा.

इथं लोक हमखास जोर जास्त लावतात. निळं पडेपर्यंत दाबलं की "आत मुरलं" असं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी ती जागा जास्त हळवी होते आणि मग पुन्हा तिलाच दाबलं जातं. जमिनीवर बॉल ठेवून त्यावर सगळं वजन टाकणं ही त्याचीच पुढची पायरी, आणि पाठीवर पोराला उभं करून तुडवून घेणं ही त्याच्याही पुढची. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाची यात बरगडी मोडू शकते.

मालिशीचा विषय निघाला की कोल्हापुरात तालमीचं नाव येणारच. गंगावेस असो की मोतीबाग, पैलवानाचं अंग चोळलं जातं ते मेहनतीच्या जोडीला. आधी जोर-बैठका, लढती, मग मालीश, आणि दुसऱ्या दिवशी परत मेहनत. आपण त्यातली मालीश उचलली आणि मेहनत तालमीतच ठेवली. एकट्या मालिशीचा आराम फार टिकत नाही, तो यामुळे.

तर मेहनत. शेकून-दाबून झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत सुरू करायची. मान-खांद्यासाठी सगळ्यात कमी वेळ खाणारा आणि तपासून पाहिलेला प्रकार डेन्मार्कमधला आहे. तिथं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मान-खांदा दुखणाऱ्या ऑफिस कर्मचाऱ्यांना रबरी पट्ट्याचा एकच व्यायाम दिला: काहींना दिवसाला 12 मिनिटं, काहींना फक्त 2 मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, 10 आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटं देणार नाही असं म्हणायला मग जागा उरत नाही.

करायचं असं. थेराबँडच्या, म्हणजे त्या रबरी पट्ट्याच्या, मध्यावर दोन्ही पाय ठेवून उभं राहा, टोकं हातात. कोपरं किंचित वाकलेली. दोन्ही हात बाजूला, पण अगदी सरळ बाजूला नाही, जरा पुढच्या अंगाला झुकते ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. दोन अंक मोजत वर, दोन अंक मोजत खाली. आणखी दोन-तीनदाच जमेल असं वाटेपर्यंत चालू ठेवा, पण दोन मिनिटांच्या वर नाही. पट्टा पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा या क्रमानं कडक होत जातो. बायकांनी पिवळ्यापासून आणि पुरुषांनी लालपासून सुरुवात करावी, असा माझा सल्ला. पूर्ण दोन मिनिटं आरामात व्हायला लागली की पुढचा रंग. पट्टा नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. बाटली एका लिटरची केली की वजन दुप्पट. फसतं ते खांदे कानाकडे चढवण्यात. तसं झालं की जो स्नायू आधीच आवळलेला आहे तोच सगळं काम करतो आणि संध्याकाळी डोकं दुखतं. आरशासमोर करा, मान लांब दिसली पाहिजे. वजन पेलत नसेल तर माणूस कमरेतून झोका घेतो, तेव्हा एक रंग खाली उतरा.

याच्या जोडीला भिंतीवरचे जोर. भिंतीपासून एक हात लांब उभं राहून 10-10 चे दोन फेरे, एक दिवसाआड. दोन आठवडे नीट गेले की ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेवर, त्यानंतर जमिनीवर. तालमीत गेलेला माणूस इथं हटकून घोटाळा करतो. विशीत पाचशे बैठका मारल्याचं त्याला आठवतं आणि चाळिशीत तो पहिल्याच दिवशी शंभरावर जातो. मग दोन दिवस जिना उतरता येत नाही आणि व्यायामच बाधला असा निष्कर्ष निघतो. नव्या मेहनतीचं दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि आपोआप जातं. ते वेगळं आणि आपलं जुनं दुखणं वेगळं. फार मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर मात्र तडक दवाखाना गाठा, कारण तुटलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडावर पडतो.

कमरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या डिसेंबरात जुन्या कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मालीश, मणक्याचे हातांनी करायचे काही उपचार आणि विचार-वर्तनाच्या उपचारपद्धती यांना हो म्हटलंय. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्स मशीन (कातडीवर पॅड लावून विजेच्या हलक्या मुंग्या देणारं) सरसकट वापरू नका, असं म्हटलंय. आपल्याकडे नेमके हेच चार प्रकार सगळ्यात जास्त चालतात. पट्ट्याबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे: ट्रॉली भरताना तासभर बांधला तर बांधा, पण काम संपलं की सोडा. दिवसभर पट्टा बांधणाऱ्याला तो सोडायचीच भीती बसते.

कमरेचे व्यायाम तीन. पहिला, उताणं झोपून गुडघे उभे ठेवून नितंब उचलणं: वर पाच अंक थांबा, 10 वेळा. कंबर कमानीसारखी ताणू नका, नितंब आवळा. दुसरा, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, 8 ते 12 वेळा, दोन फेरे. खाली येताना तीन अंक मोजा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. तिसरा, वाकायची पद्धत. हातात पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन नितंब मागं ढकलत, गुडघे किंचित वाकवून खाली जा आणि वर या. दर आठवड्याला त्यात एक लिटर पाणी वाढवा. "वाकूच नका" हा सल्ला मोल्डिंगवरच्या माणसाला किंवा उसाची मोळी उचलणाऱ्याला द्यायचा म्हणजे त्याला घरी बस म्हणणं. त्याला वाकायचंच आहे, तर वाकायची ताकद द्या.

चालणं. "रंकाळ्याची पूर्ण फेरी" असं ठरवू नका, मिनिटांत ठरवा. तीन वेगवेगळ्या दिवशी चालून दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. समजा 14, 20 आणि 17 आली, तर सरासरी 17. त्याचे 80 टक्के म्हणजे साडेतेरा. आपण 13 धरू. आता बरं वाटो की न वाटो, आठवडाभर रोज 13 मिनिटं. साडेसहा मिनिटं झाली की मागं वळायचं. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि परत येताना खुरडत येतात. पुढच्या आठवड्यात साधारण 10 टक्के वाढ, म्हणजे 14. सगळ्यात अवघड असतं ते चांगल्या दिवशी थांबणं. अंग हलकं वाटलं की माणूस पाऊण तास चालतो, आठवड्याची साठलेली कामं उरकतो आणि दोन दिवस पडून राहतो. हा चढ-उतार मोडणं हाच या मोजमापाचा उद्देश आहे.

सगळ्या व्यायामांना एकच माप लावा. करताना दुखणं दहापैकी चारपर्यंत गेलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी फेरे एक-तृतीयांशानं कमी करा, बंद करू नका. गुण दिसायला सहा ते दहा आठवडे धरा.

धार काढणाऱ्यांचा मुद्दा वेगळा. अंगठा दुमडून सडावर दाबायची सवय असेल तर अंगठ्याच्या मुळाशी आणि कोपराच्या बाहेर ठणका लागतो, शिवाय सडालाही इजा होते. पूर्ण मुठीनं धार काढा. व्यायाम असा: हाताचा पुढचा भाग मांडीवर टेकवा, तळवा खाली, मनगट गुडघ्याबाहेर, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्या आणि चार अंक मोजत एकट्या दुखऱ्या हातानं खाली सोडा. 15 चे तीन फेरे, दिवसातून एकदा. फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायच्या कामाला) ग्राइंडर चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडत असतील तर ते नुसतं स्नायूचं दुखणं नव्हे, डॉक्टरांना दाखवा.

टेन्स मशीन घरात आलंच असेल तर निदान नीट वापरा. 80 ते 100 हर्ट्‌झ, चिकट पॅड दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना, एकमेकांना न टेकता. मुंग्या ठळक पण सोसवतील इतपत. हलक्या मुंग्यांनी काही होत नाही, हीच नेहमीची चूक. सवय होऊन मुंग्या कमी वाटल्या की थोडं वाढवा. दुखणं हलकं होतं ते मशीन चालू असताना आणि नंतर थोडाच वेळ, म्हणून ते लावून झोपू नका, चाला. पेसमेकर असेल तर नाही, गळ्याच्या पुढं नाही, गरोदरपणात पोट-कमरेवर नाही. ड्राय नीडलिंगनं (औषध न भरता स्नायूत नुसती बारीक सुई टोचण्यानं) काहींना थोड्या आठवड्यांचा आराम पडतो, पण मान-खांद्यात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. शिकलेल्या हातांकडूनच घ्या. कपिंगबद्दल (कातडीवर पेले लावून ती ओढून धरण्याबद्दल) सांगण्यासारखं फार नाही, डाग बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत जातात.

झोपेकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. टोरांटोत हार्वी मोल्डोफ्‌स्की यांनी 1975 मध्ये निरोगी माणसांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडत ठेवली, तेव्हा त्यांचे स्नायू दाबल्यावर दुखायला लागले. रात्रपाळी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. झोपेच्या सहा तास आधीपासून चहा बंद, सकाळी झोपताना खिडकीला जाड पडदा, आणि आठवड्यात पाळी बदलली तरी उठल्यावरचा व्यायाम त्याच क्रमानं. कुशीवर झोपत असाल तर उशी खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरून काढेल इतकी जाड हवी. दोन पातळ उशा असतील तर मध्ये चादर घालून जाडी जुळवा.

दुखणं मध्येच उसळणार, हे धरून चाला. गळीत हंगामाचे पहिले दिवस, घरातलं लग्न, सलग चार रात्री जागरण, अशा वेळी ते हमखास उसळतं. त्यासाठी आधीच कागदावर लिहून कपाटाच्या दाराला लावा. पहिला दिवस: नेहमीचं काम निम्मं, 20 मिनिटं शेक दोनदा, दर तासाला दोन मिनिटं उठून हालचाल, अंथरुणात दिवस घालवायचा नाही. दुसरा दिवस: चालणं ठरलेल्या मिनिटांच्या निम्मं, पट्ट्याचा व्यायाम एक रंग खाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाऊण. आठवड्याच्या आत मूळ आकड्यावर या आणि तिथंच एक आठवडा थांबा. बुडालेले दिवस भरून काढायला दुप्पट करू नका. पंधरा दिवसांत पूर्वीच्या पातळीवर येता आलं नाही, किंवा कळ नव्याच जागी उमटली, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून करून घ्या.